मार्केटिंगमधून बुक क्लबकडे : पणजी, दुबई, लिस्बन आणि परत पणजी

मांडवीकाठ

चाळिशीत नोकरी बदलण्यावर इथे जो चर्चेचा धागा आहे त्यावर मी सहज लिहून गेले की हल्ली बुक क्लब (एक पुस्तक ठरवून वाचायचं आणि त्यावर बोलायला जमायचं, असे गट) चालवते आणि त्यावर घर चालतं. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतच आहेत. सगळ्यांचे प्रश्न दोनच: याचे खरंच पैसे मिळतात का, आणि साबण-शांपू विकणाऱ्या बाईला तिथे कोणी घेतलं? प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

मी मूळची डिचोलीची. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमबीए केलं, मग कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांचं मार्केटिंग. डिसेंबरात खोल्या आपोआप भरतात, आपली अक्कल जूनमध्ये कळते. तिथून दुबईला गेले. रोजच्या वापराच्या वस्तूंची कंपनी, माझ्याकडे आखाती देशांसाठी दोन ब्रँड.

पुस्तकांशी कामाचा संबंध आला तो तिथेच. २०१६ साली अमिरातीने वाचनाचा कायदा केला. सरकारी नोकरांना कामाच्या वेळात वाचायला थोडा वेळ मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. आमची कंपनी खासगी, तिला बंधन काही नव्हतं, पण एचआरला ऑफिसात बुक क्लब काढायची हौस आली. 'तू लॉन्च चांगले करतेस, हेही कर' म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पोस्टर, ईमेल, खाणंपिणं, सगळं केलं. पहिल्या बैठकीला हॉल भरला. तिसऱ्या बैठकीला एक टेबल पुरलं.

मार्केटिंगमध्ये सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला 'का गेलात?' असं विचारायची सवय असते. मी न आलेल्यांना एकेक करून फोन केले. पुस्तक आवडलं नाही म्हणणारे थोडे, वेळ नव्हता म्हणणारे थोडे. बाकी सगळे अडखळत एकच सांगत होते, की पुस्तक पुरं झालं नाही, मग चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?

माझं आजचं काम या उत्तरावर उभं आहे. बुक क्लबचा मॅनेजर म्हणजे पुस्तकं निवडणारा, असं लोकांना वाटतं. पुस्तक निवडायला एक संध्याकाळ पुरते. उरलेला महिना, ज्याचं पुस्तक अर्धं राहिलंय त्या माणसाला संकोच न वाटता खुर्चीपर्यंत आणण्यात जातो.

पुढे नवऱ्यामुळे लिस्बनला गेलो (सासरे १९६१ च्या आधी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी; गोंयकारांना पुढचं कळलं असेल). तिथे सभासद-वाचकांचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. पगार दुबईच्या निम्म्यावर आला. मुलाखतीत मला एकाही लेखकाबद्दल विचारलं नाही. 'सहा महिन्यांनी किती सभासद टिकतात, आणि न टिकणारे नेमके कधी जातात, हे तुम्ही कसं शोधाल?' एवढंच विचारलं. दुबईतले फोन कामी आले.

आता पणजीत आहे. कंपन्यांचे गट चालवते, पर्वरीच्या दोन सोसायट्यांचे चालवते, आणि एक मराठी गट आहे. विचारा काय विचारायचं ते.

आंबोली_घाट

वाचतोय. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

मांडवीकाठ

भाग नाहीत हो, एवढंच आहे. बाकी प्रतिसादांत.

खडूस वाचक

देवा रे सायबा! पयशे दिवन पुस्तक वाचपाचें? आमच्या आज्याच्या वेळी देवळाच्या अग्रशाळेत चातुर्मासभर पुराण चालायचं. अख्खा वाडा जमायचा. पुराणिकबुवांना कोणी मॅनेजर म्हणत नव्हतं. चहा-बिस्किटं आणि गप्पा यांना 'व्यवस्थापन' म्हणायचं, ही तुमची मार्केटिंगची भाषा झाली.

मांडवीकाठ

@खडूस वाचक, पुराणिकबुवांना शिधा मिळायचा, वर धोतरजोडी. फुकट नव्हतं ते. आणि तिथे कोणाला ग्रंथ घरून वाचून यावा लागत नसे, म्हणून वाडा जमायचा. माझ्या मुद्द्याला तुम्ही जोरच दिलात!

खडूस वाचक

शिधा मान्य. बाकी अमान्य.

कार्डांची पेटी

ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून थोडं लिहितो. पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ सालची, पोर्तुगीज अमदानीत 'पब्लिका लिव्रारिया' म्हणून निघालेली. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची गणना होते. आता ती जुने गोमंतकीय लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने पणजीतल्याच पाटो भागात संस्कृती भवनात आहे. मडगावचं गोमंत विद्या निकेतन १९११ चं. सांगायचा मुद्दा असा, की गोव्यात वाचकांना जमवणाऱ्या संस्था पूर्वीपासून आहेत.

पण या बाईंचं म्हणणं मला पटतं, आणि कारण आमच्या नोंदवहीत आहे. मी जिथे होतो तिथे नवे सभासद किती आणि पुस्तकं किती बाहेर गेली, एवढे रकाने असत. आधीचा सभासद यायचा का थांबला, याला रकानाच नव्हता. पुस्तक परत आलं नाही तर आम्ही पत्र पाठवायचो. माणूस परत आला नाही तर कोणीच पाठवत नसे.

दुसरं, 'ग्रंथ तुमच्या दारी' ही नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची योजना कोणाला ठाऊक असेल. २००९ पासून चालू आहे. २५ पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. दुबईपर्यंत पेट्या गेल्या. तिथे सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं बंधन नाही, त्यामुळे 'माझं राहिलं' हा संकोचही नाही. वाचकांना असा मोकळेपणा दिला की चळवळ टिकते, असं माझं मत.

मांडवीकाठ

@कार्डांची पेटी, काका, नोंदवहीच्या रकान्याचं वाक्य मी उचलणार आहे, आधीच सांगून ठेवते. दुबईला असताना मी पेटीच्या एका गटात होते. तिथली माणसं एकमेकांची पुस्तकं सुचवून वाचायची आणि भेट झाली की त्यावरच बोलायची.

एमबीए_सेम४

ताई, मी फायनलला आहे, स्पेशलायझेशन मार्केटिंग. बाहेर या कामाला पदनाम काय असतं? लिंक्डइनवर 'बुक क्लब मॅनेजर' शोधलं तर फारसं काही दिसत नाही. आणि पगाराचं खरं खरं सांगा.

मांडवीकाठ

त्या नावाने शोधू नकोस. मेंबरशिप मॅनेजर, कम्युनिटी मॅनेजर, ऑडियन्स डेव्हलपमेंट असं शोध. प्रकाशनसंस्था, पुस्तकांच्या सबस्क्रिप्शन कंपन्या, साहित्य महोत्सव, मोठी ग्रंथालयं, सगळीकडे असली पदं असतात. आखातात महोत्सवांचं काम बरंच आहे. शारजाचा पुस्तकमेळा १९८२ पासून भरतोय, दुबईचा एमिरेट्स एअरलाइनचा साहित्य महोत्सव २००९ पासून. मेळ्याच्या काळात तात्पुरती माणसं लागतात, तिथून शिरता येतं.

पगार: साबण विकशील तर जास्त मिळेल. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पुस्तकांच्या धंद्यात मार्जिनच कमी, त्यामुळे त्याच अनुभवाला कमी पैसे. लिस्बनमध्ये ऑफिसात इंग्रजी चाललं, पण सभासदांशी बोलायला पोर्तुगीजच लागलं. कोकणी येणाऱ्याला जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), मेज असे पोर्तुगीजमधून आलेले शब्द फुकट मिळतात, क्रियापदं मात्र घाम काढतात.

आणि एक. आधी कुठल्यातरी कंटाळवाण्या वस्तूचं मार्केटिंग चार-पाच वर्षं कर. लोक का सोडून जातात, हे तिथे शिकशील. पुस्तकांवर प्रेम असलेले उमेदवार ढीगभर येतात. सभासदांची एक्सेलशीट वाचता येणारा विरळा.

ताग नदीवाला

लिस्बनमध्येच राहतो, मूळ मडगाव. मांडवीकाठ यांनी तिथला जुना इतिहास लिहिला नाही, तो मी लिहितो, कारण तो खरंच मजेदार आहे.

पोर्तुगालमध्ये १९७१ साली 'सिर्कुलो द लेइतोरेस' नावाचा बुक क्लब निघाला. मागे जर्मनीची बर्टेल्समान कंपनी. त्यांचे एजंट घरोघर जायचे, सभासदाला नियतकालिक द्यायचे, त्यातून पुस्तक निवडायचं. ज्या गावांत पुस्तकाचं दुकान नव्हतं तिथे हा एजंटच दुकान. माझ्या घरमालकिणीकडे त्यांच्या पुठ्ठाबांधणीच्या खंडांचं अख्खं कपाट आहे. यातली किती वाचली, हे मी विचारलेलं नाही, तिथे राहायचंय मला.

बर्टेल्समानने हे जर्मनीत १९५० मध्ये सुरू केलं होतं, 'लेझेरिंग' नावाने. गंमत अशी की सभासद गोळा करायला त्यांनी पुस्तकविक्रेत्यांनाच सोबत घेतलं. १९५४ पर्यंत दहा लाख सभासद झाले. मग १९६२ मध्ये स्पेन, १९७० मध्ये फ्रान्स, पुढे शांघायपर्यंत गेले. आणि नंतर सगळं ओळीने आटोपलं: चीन २००८, पोर्तुगालचा क्लब २०१० मध्ये पोर्तो एदितोरा या प्रकाशनसंस्थेला विकला, खुद्द जर्मनीतला २०१५ अखेर बंद, स्पेनमधला २०१९.

माझा प्रश्न: एवढी मोठी यंत्रणा बुडाली त्या धंद्यात तुम्ही उतरलात कशाच्या बळावर?

मांडवीकाठ

@ताग नदीवाला, वा! हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

त्या यंत्रणेचं मूळ जर्मनीच्याही आधीचं, अमेरिकेतलं. न्यूयॉर्कला १९२६ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. तो काढणाऱ्यांपैकी हॅरी शेरमन हे जाहिरातींचा मजकूर लिहिणारे गृहस्थ, म्हणजे आमच्याच जातीचे. जाणकारांचं मंडळ दर महिन्याला एक पुस्तक निवडायचं. पुढे त्यांनी युक्ती काढली ती अशी: निवडीची सूचना घरी येणार, सभासदाने मुदतीत 'नको' कळवलं नाही तर पुस्तक येणार आणि बिलही येणार.

धंदा म्हणून ही युक्ती अफाट होती. माणसाचा आळस तुमच्या बाजूने काम करतो. गाण्यांच्या रेकॉर्ड विकणाऱ्या क्लबांनीही ती उचलली. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३ मध्ये अमेरिकी सरकारला नियम करावा लागला: 'नको' म्हणायला किमान दहा दिवस द्या, न मागितलेला माल परत घ्या.

आता माझं मत. या क्लबांना सभासद 'टिकवता' येत होते, पण ते अडकून टिकलेले होते. त्यातले बरेच स्वस्ताईसाठी आले होते. ब्रिटनमध्ये प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली पुस्तक विकायचं नाही असा करार होता, तो १९९५ साली मोडला. सुपरमार्केटं खपाऊ पुस्तकं निम्म्या भावात विकू लागली, मग क्लबच्या स्वस्ताईला कोण विचारतो? पुढे इंटरनेटवरची दुकानं आली. ज्या देशांत किंमत कायद्याने बांधलेली होती तिथे उतार सावकाश झाला, पण झालाच. पोर्तुगालमध्ये १९९६ पासून तसा कायदा आहे, नव्या पुस्तकावर १० टक्क्यांच्या वर सूट नाही. तरी क्लब विकावा लागलाच ना?

म्हणून मी पुस्तक विकत नाही. मी बैठक विकते. पुस्तक सभासदाने कुठूनही आणावं: सेंट्रल लायब्ररीतून, शेजाऱ्याकडून, किंडलवर. माझ्या फीमध्ये पुस्तक धरलेलं नसतं. ज्या दिवशी पुस्तकावर कमिशन घेईन, त्या दिवशी माझी निवड बिघडेल, जाड आणि महाग पुस्तकं आवडू लागतील.

आणि 'नको' म्हणणं माझ्याकडे सगळ्यांत सोपं ठेवलंय. तीन महिन्यांनी सभासदत्व आपोआप संपतं. पुढे यायचं असेल तर त्याने कळवायचं. अकाउंटंट म्हणाला, हा वेडेपणा आहे. पण त्यामुळे दर तिमाहीला मला खरा आकडा कळतो.

खडूस वाचक

हे मात्र पटलं. (नोंद घ्यावी.)

तिस्कावरचा

सगळं ठीक. पण गोव्यात राहून मराठी गट वेगळा कशाला? कोंकणी राजभाषा आसा. कोंकणी पुस्तकां कोण वाचतलो?

दशावतारी

झालं सुरू. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही शासकीय वापराची मुभा आहे, तो कायदा आधी पूर्ण वाचा.

तिस्कावरचा

वाचलाय. 'मुभा' आणि 'राजभाषा' यात…

संपादक मंडळ

राजभाषेसाठी स्वतंत्र धागा आहे, आधीच नऊशेच्या वर प्रतिसाद झालेत, तिथे जा. इथले यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

मांडवीकाठ

@तिस्कावरचा, प्रश्न रागाने विचारलात, पण व्यवहाराचं उत्तर देते. माझ्या मराठी गटात दर चार-पाच महिन्यांनी एक कोकणी पुस्तक असतं, देवनागरीतलं. चर्चा अर्धी कोकणीतच होते, कोणी थांबवत नाही. रोमी (रोमन) लिपीतलं एकदा घ्यायचं आहे, पण सगळ्यांना ती सारख्या वेगाने वाचता येत नाही. त्यासाठी दोघी जणी मोठ्याने वाचून दाखवायला तयार झाल्यात.

एमबीए_सेम४

ताई, इथे गोव्यात उत्पन्नाचं गणित कसं बसतं?

मांडवीकाठ

कंपन्यांवर बसतं. वेर्णा भागातल्या कंपन्या कर्मचारी-कल्याणाच्या खर्चात हे धरतात. एका बैठकीचे पाच ते आठ हजार मिळतात, त्यात पुस्तकाची निवड, महिनाभराचा पाठपुरावा आणि चर्चा चालवणं आलं. बहुतेक बैठका इंग्रजीत. पर्वरीच्या सोसायट्यांत दिल्ली-बंगळूरहून येऊन राहिलेली मंडळी आहेत, ती माणशी वर्गणी देतात, मे महिन्यात निम्मी गावाला जातात आणि तेव्हा माझंही उत्पन्न गावाला जातं. मराठी गटावर मी कमवत नाही. जागा आणि चहाचा खर्च सभासद वाटून घेतात. तो माझा स्वतःचा आनंद, त्याला धंदा म्हणून दाखवणार नाही.

हरवळ्याचा धबधबा

मी साखळी गावची, शाळेत शिकवते. आम्हा सात-आठ बायकांना सुरू करायचंय, मराठीच. पैसे-बिसे नकोत कोणाला. फक्त चालेल कसं ते सांगा. मागे एकदा सुरू केलं होतं, गणपतीपर्यंतही टिकलं नाही.

मांडवीकाठ

ताई, तुमचाच प्रश्न मला सगळ्यांत आवडला. जमेल तसं लिहिते.

निरोपात स्पष्ट लिहा: 'पुस्तक पुरं झालं नसेल तरी या.' आणि नुसतं लिहू नका, बैठकीची सुरुवात अर्धवट वाचलेल्या बाईपासून करा. 'कुठे थांबलात, आणि तिथेच का थांबलात?' यावर अर्धा तास सहज जातो. पुरं वाचलेल्या बाईला आधी बोलू दिलंत तर ती शेवट सांगून मोकळी होते आणि बाकीच्या गप्प बसतात. शिक्षिका असाल तर एक जास्तीचं सांगते, रागावू नका: प्रश्न विचारल्यावर आपण उत्तर द्यायचं नाही. शांतता झाली तर होऊ दे. कोणीतरी बोलतंच.

पुस्तक पहिल्या तीन महिन्यांत दीडशे-दोनशे पानांचं ठेवा. जाडजूड कादंबरी मिरगानंतर, पाऊस लागला की. चवथीच्या महिन्यात बैठकच नको. घरात गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची, करंज्या-नेवऱ्या तळायच्या, त्यात वाचणार कोण? ती बैठक ठरवायची आणि मग कोणी आलं नाही म्हणून खट्टू व्हायचं, यातच तुमचा आधीचा गट मोडला असणार. शिगम्यातही तेच. वर्षाला नऊ बैठका झाल्या तरी भरपूर.

वेळ ठरवताना सर्वांत लांब राहणाऱ्या बाईची शेवटची बस पाहा. आमच्याकडे चोडण बेटावरून एक काका येतात. त्यांची रायबंदरची फेरीबोट हेच आमचं घड्याळ. ते उठले की बैठक संपली. एरवी लांबत जाते आणि पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही, हेही बोलून ठेवलेलं बरं.

व्हॉट्सअ‍ॅप गट करा, पण त्यात सुप्रभात आलं की संपलं. मधल्या दिवसांत आठवड्याला एकच प्रश्न टाका, पुस्तकातल्या सुरुवातीच्या पानांवरचा.

कार्डांची पेटी

प्रतींचं काय करणार? साखळीत एकाच मराठी पुस्तकाच्या आठ प्रती मिळणं कठीण. पूर्वी पुण्या-मुंबईहून रजिस्टर्ड बुकपोस्टाने स्वस्तात यायच्या. ते टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं.

मांडवीकाठ

हो काका, त्याचा फटका आम्हालाही बसला. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये. पण ते शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. तेव्हा पाठवणाऱ्याला आधी विचारून घ्यावं. मी सगळ्यांच्या प्रती एकत्र मागवते, दीड महिना आधी. पुनर्मुद्रण बाकी असलेलं पुस्तक निवडायचंच नाही, कितीही थोर असलं तरी. दोन बायकांत एक प्रत चालते, उलट बरं असतं: एकीने संपवल्याशिवाय दुसरीला मिळत नाही, म्हणून ती वाचते.

हरवळ्याचा धबधबा

खूप खूप आभार. चवथ झाली की पहिली बैठक. जागा शाळेतच मिळेल, पण एक अडचण: आमच्यातल्या दोघींच्या सासवांना पण यायचंय. त्या वाचत नाहीत, डोळे गेलेत. नाही कसं म्हणू?

मांडवीकाठ

नाही म्हणूच नका. रोज दुपारी सुनेने दोन पानं मोठ्याने वाचावी. कोणाचं काही राहो, त्या दोन घरांतलं पुस्तक तरी नक्की पुरं होईल. पहिल्या बैठकीसाठी तीन पुस्तकांची नावं व्यनि केली आहेत, त्यातलं मधलं आधी बघा, अक्षर मोठं आहे.

खडूस वाचक

पणजीच्या मराठी गटाची पुढची बैठक कधी? चौकशी म्हणून विचारतोय.

मांडवीकाठ

महिन्याचा तिसरा शनिवार, साडेचार वाजता. पुस्तक पुरं झालं नसेल तरी या.

खडूस वाचक

मी पुरं करूनच येतो नेहमी.